आदी मोजू, मंग बोलू

मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, आमच्या ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये, चौदा माणसांच्या देखत मी विचारलं, "शेपटीसकट धरायची का शेपटी सोडून?"

साहेब त्या वेळी नव्या पंपाच्या माहितीपुस्तिकेबद्दल बोलत होते. ती पुस्तिका मी लिहायची होती आणि ती तीन आठवडे पान सातावर अडली होती. मी खिडकीतून खाली बोलत होतो आणि माझा आवाज बंद आहे अशी माझी पक्की समजूत होती. बंद होता तो कॅमेरा.

"कसली शेपटी?" साहेबांनी विचारलं.

अशा वेळी हुशार माणूस पंपाच्या एखाद्या भागाचं नाव घेऊन वेळ मारून नेतो. मी म्हणालो, "सर, सापसुरळीची."

तेवढ्यात खालून खणखणीत आवाज आला, आणि तोही चौदा जणांनी ऐकला. "सोडूनच धरायची, पाव्हणं! शेपटी तुटती की! तुटनारी वस्तू कुनी मापात धरतं व्हय?"

हे खंडूआबा.

तळेगावजवळ वराळ्यात आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे पूर्वी आबांच्या भावकीची भातखाचरं होती. भावकीने जमीन दिली, आबांनी आपला तुकडा ठेवला. त्यामुळे आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून त्यांचं घर, मागे दोन खाचरं, एक म्हैस आणि एक शेवगा. मी पहिल्या मजल्यावर राहतो. माझ्या कामाच्या टेबलासमोर खिडकी, खिडकीखाली भिंत आणि भिंतीपलीकडे आबा. टेबल तिथे ठेवू नका, असं माझी बायको स्वाती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. ती तळेगावात शाळेत शिकवते, मुलांना खिडकीशेजारी बसवल्यावर काय होतं ते तिला माहीत आहे. मी म्हणालो, उजेड चांगला येतो.

इथे राहायला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. आबा मला अजून पाव्हणं म्हणतात.

आबांचं वय सत्तरीच्या अलीकडेपलीकडे. पांढरी टोपी, पांढरा सदरा, एका खिशात मोबाइल आणि दुसऱ्या खिशात मेजरिंग टेप. टेप जड असल्यामुळे सदरा कायम डावीकडे ओढलेला. शेती तर ते करतच होते, पण त्याबरोबर सव्वीस वर्षं कारखान्यात नोकरीही केली, शेवटची बरीच वर्षं जवळच्या आंबीला. ते 'क्वालिटी'ला होते. तयार झालेली वस्तू मापात आहे की नाही ते बघायचं आणि नसेल तर बाजूला काढायची, एवढंच काम. कंपनीने निरोप दिला तेव्हा नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ दिवसाला दोन मिनिटं पुढे जातं हे आबांनी आठवड्याभरात शोधून काढलं आणि कंपनीला कळवलंही.

"आदी मोजू, मंग बोलू" हे त्यांचं वाक्य साऱ्या वराळ्याला पाठ आहे. यंदा शेवगा बरा लागलाय असं कोणी सहज म्हटलं, की आबांचा हात खिशात जातो आणि शेंग किती इंच ते कळल्याशिवाय गप्पा पुढे सरकत नाहीत. एकदा आमच्याकडे आलेली माझी मेहुणी बोलता बोलता म्हणाली, "म्हशीचं शिंग केवढं हो तुमच्या!" चहा पिऊन लगेच निघायचं होतं तिला. साडेसहा वाजले, कारण म्हैस मान हलवत होती.

दुसरं वाक्य आहे, "ह्यात कायतरी हाय." हे जास्त धोक्याचं. कारण ते नेहमी आबा दुसऱ्याच कामाला निघालेले असताना येतं. हातात काम नसेल तर आबा ओट्यावर मुकाट बसलेले असतात, मुंगळा मांडीवर चढला तरी बघत नाहीत. पण मोटार बंद करायला पाठवा, वाटेत त्यांना गोगलगाय भेटणारच. मग ती गोगलगाय भिंतीच्या या टोकाकडून त्या टोकाला किती वेळात जाते ते कळेपर्यंत मोटार चालू, खाचर भरून पाणी रस्त्यावर, आणि रस्त्यावरून हौसामावशींचा आवाज.

हौसामावशी म्हणजे आबांची बायको. त्यांचं म्हणणं, "ह्यांनला मीट आनाया लावलं तर समुंदर किती खोल हाय ते बगून येतील, नि मीट इसरतील."

ही अतिशयोक्ती आहे असं मला आधी वाटायचं. मग मिक्सरची गोष्ट झाली. मावशींचा मिक्सर बिघडला म्हणून आबा तो पिशवीत घालून तळेगावला निघाले. दुकान स्टेशनजवळ. स्टेशनसमोर कोणीतरी चिक्कीचा पुडा फोडून खात होतं आणि बरोबरच्याला सांगत होतं, की कडेची वडी जाड असते, मधली पातळ. आबा थांबले. ह्यात कायतरी हाय! दुपारची लोणावळ्याची गाडी रिकामीच असते. आबा मिक्सरसकट लोणावळ्याला गेले, तीन दुकानांत जाऊन वड्या घेतल्या आणि खिशातून जाडी मोजायचं व्हर्नियर काढून काउंटरवरच मोजायला लागले. एका दुकानदाराला वाटलं, हे सरकारी माणूस. त्याने आतून खुर्ची आणवली, कोकम सरबत दिलं. आबांनी ते प्यायलं, आणि लाटणं कडेला हलकं पडतं म्हणून वडी जाड राहते, तेव्हा लाटणाऱ्याने उभं राहून लाटावं, असा सल्ला देऊन परत आले. मिक्सर दुकान न बघताच घरी आला. पुढचे आठ दिवस मावशींनी चटणी पाट्यावर वाटली आणि वाटताना जे काही बोलल्या ते मला टेबलाशी बसून ऐकू येत होतं.

हे सगळं मी हसत हसत लिहितो आहे, पण आतली गोष्ट वेगळी आहे. मी आबांच्याच जातकुळीतला. फरक इतकाच, की आबांकडे टेप आहे आणि माझ्याकडे इंटरनेट. 'पंप बसवण्यापूर्वी घ्यावयाची काळजी' असं मथळ्याला लिहायचं, मग 'घ्यावयाची' चांगलं की 'घ्यायची' यावर विचार करायचा, मग चहा, मग खिडकी. खिडकीत आबा दिसले नाहीत तर मीच हाक मारतो. "काय आबा, आज काय?" माणसाला एवढंच निमित्त पुरतं.

तर यंदा मावशींच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा बदलला. त्यांची मुलगी संगीता चिंचवडला असते, तिने आईला दवाखान्यातून थेट आपल्या घरी नेलं. तिथे लिफ्ट आहे, कमोड आहे, व्यायाम करून घ्यायला बाई येते. आबा दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी त्यांनी जावयाच्या पलंगाचे चार पाय मोजले आणि एक कमी भरतो म्हणून खाली पुठ्ठा घातला. मग संगीताने त्यांना सांगितलं, "आबा, तुम्ही घरीच थांबा. म्हशीकडे कोण बघणार?"

पाच आठवडे झाले. मावशी रोज फोनवर घरी येते म्हणायच्या. पण आबांच्या घराचं जोतं उंच आहे. पावसाचं पाणी आत यायला नको म्हणून आबांनीच तसं बांधून घेतलं होतं. अंगणातून दारात जायला सहा पायऱ्या आणि धरायला काही नाही. व्यायामाच्या बाईंनी साफ सांगितलं, की पायऱ्यांना रेलिंग बसलं तरच पाठवा, नाहीतर इथेच ठेवा.

एका सोमवारी संगीताचा मला फोन आला. "काका, तुम्ही दिवसभर घरीच असता ना?"

मी सावध झालो. "असतो म्हणजे, कामात असतो."

"रविवारी आईला आणायचं ठरवलंय. रेलिंगचे पाइप आणून तीन आठवडे झालेत, ते नुसते पडलेत. आबांच्या जरा मागे लागा. शनिवारपर्यंत नाही झालं, तर ह्यांना पुढे दोन महिने सुट्टी नाही. मग आईला इथेच राहावं लागेल. ती रोज रडते हो. म्हशीच्या नावाने रडते, पण मला कळतं ना."

संध्याकाळी हे स्वातीला सांगितलं. ती वह्या तपासत होती. लाल पेन तसंच धरून ती म्हणाली, "हे काम तिने तुम्हाला सांगितलं?" आणि पुन्हा तपासायला लागली.

मंगळवारी मी खाली गेलो. पाइप ओट्यावर होते, चकचकीत स्टीलचे. आंबीचा सुनील, फॅब्रिकेशनवाला, दोनदा मशीन घेऊन येऊन परत गेला होता. त्याला मी फोन लावला.

"काका, अर्ध्या तासाचं काम आहे हो," तो वैतागून म्हणाला. "मी आबांना एकच विचारतो, हाईट किती ठेवू? ते म्हणतात सांगतो, आणि निघून जातात. एकदा तर मी तासभर थांबलो. आबा कुठे, तर मागे म्हशीच्या जिभेची लांबी बघत होते."

मी आबांना विचारलं, "आबा, तीन फूट ठेवतात ना सगळीकडे?"

"बाजारात ठेवत्यात," आबा म्हणाले. "बाजारात माजी बायकू न्हाई चडत."

"मग किती?"

"सांगतो की. आदी मोजू, मंग बोलू." आणि टेप काढता काढता त्यांची नजर भिंतीकडे गेली. भिंतीवर सापसुरळी होती. ती दोन पावलं पळे, थांबे, पुन्हा पळे. एका दमात ती स्वतःच्या लांबीच्या किती पट अंतर जाते, असा प्रश्न निघाला. तेवढ्यात माझी मीटिंग सुरू झाली म्हणून मी वर आलो, खिडकीत लॅपटॉप ठेवला, आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

बुधवारी पाइपांवर टिचकी मारली की लांब पाइपचा आवाज वेगळा येतो आणि आखूडचा वेगळा, असं आबांच्या लक्षात आलं. मी त्यांना समजवायला गेलो होतो. पाऊण तासाने आम्ही दोघं चमच्याने पाइप वाजवत होतो. गुरुवारी आबा सकाळीच गायब. दुपारी उन्हातून घामाघूम परत आले. लोहगडवाडीला त्यांच्या भाच्याची टपरी आहे, तिथे बसून होते म्हणाले.

"कशाला?"

"गडावनं उतरनारी मान्सं बगत होतो. दमल्याली मान्सं. हात कुटं ठेवत्यात ते बगाया गेलतो."

"कुठं ठेवतात?"

"ज्येच्या त्येच्या गुडग्यावर. नायतर शेजारच्याच्या खांद्यावर. ह्यात कायतरी हाय, पाव्हणं."

मला हसू आलं. रेलिंग बसवायचं सोडून हा माणूस वीस-पंचवीस किलोमीटरवर जाऊन दमलेली माणसं बघतो! माझी पुस्तिका पान सातावरच होती हे मात्र त्या वेळी मला आठवलं नाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. त्या पाच आठवड्यांत आबा मला दिवसातून सात-आठ वेळा हाक मारत होते. मावशी घरी असताना दोनदा फार झालं. मी समजत होतो, की त्यांचं कुतूहल वाढलंय.

शनिवार उजाडला. सुनील चार वाजता येणार होता. पुढे दहा दिवस त्याचं काम लोणावळ्याला एका बंगल्यावर होतं, तेव्हा आज नाही तर नाही, असं तो बजावून गेला होता. चारला दहा कमी असताना मी जिना उतरलो. मनाशी ठरवलं होतं, की आज आपणच 'तीन फूट' सांगून मोकळं व्हायचं. ओरडतील ते ओरडू देत.

आबा सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते, रस्त्याकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून. टोपी मांडीवर, टेप हातात. मी शेजारी जाऊन उभा राहिलो तरी त्यांनी वर बघितलं नाही.

"आबा, सुनील येतोय. आता मुंगी असो, विंचू असो, काही बघायचं नाही."

"पाव्हणं, हितं बसा. हे बगा."

दाराची लाकडी चौकट होती. दिवाळीला घराला रंग दिला तेव्हा सगळं घर पिस्ता झालं, फक्त या चौकटीची उजवी बाजू हातभर तशीच सोडली होती. रंग संपला असेल, असं मला वाटलं होतं. आता जवळून बघितलं. लाकडावर एक काळपट पिवळा डाग होता, तळहाताएवढा, तेलाने आणि हळदीने गुळगुळीत झालेला. वर्षानुवर्षं एकाच जागी हात टेकून पायरी चढल्यावर पडतो तसा.

"ह्यो तिचा हात," आबा म्हणाले. "घर बांदल्यापासनं. शेतातनं येतीय, हात ठेवतीय, आत जातीय. पेंटरला मी हात लावू दिला न्हाई. आता ह्येच्या खाली बगा."

त्या डागाच्या खाली दुसरा होता. फिकट, नवा.

आबांनी टेप लावली. लावायची गरज नव्हती, आकडा त्यांना पाठ होता. "साडेचार इंच."

मी पुन्हा दोन्ही डाग बघितले.

"सव्वीस वरसं क्वालिटीला काडली मी. केसाएवडा फरक आसला तर माल बाजूला काडायचो. बोटाला कळायचं मला, मशिन लागत नव्हतं. नि हितं माज्या दारात मान्सू साडेचार इंच खाली आलं. रोज माज्या म्होरनं आत जात हुती ती. मला दिसलं न्हाई." त्यांनी टेप सोडली, ती सर्रकन डबीत गेली. "मी गोगलगाय बगत हुतो."

खाली रस्त्यावर सुनीलचा टेम्पो थांबला. त्याने हॉर्न दिला.

"म्हणून उंची सांगत नाही होय तुम्ही?"

"कुटली सांगू? वरच्या हिशोबानं तीन फूट येतंय. खालच्या हिशोबानं साडेएकतीस इंच. डाक्टर म्हनला पाय सरळ हुईल. झाली सरळ नि रेलिंग खाली आसलं, तर रोज त्येला धरून धरून पुन्ना वाकंल. वर ठेवलं नि हात न्हाई पोचला तर? सहा पायऱ्या हायती, पाव्हणं."

पंप कसा बसवावा हे मी सोळा पानांत सांगू शकतो. इथे मला एक ओळ सुचेना. शेवटी म्हणालो, "त्यांच्या वॉकरची उंची विचारू या का?"

"वाकर ती आता धरती. दुकतंय म्हनून वाकून धरती. रेलिंग काय म्हैन्याभरापुरतं हाय?"

"मग मावशींनाच विचारा की."

"काय इचारू? तू किती वाकलीस म्हनून?"

सुनील पायऱ्यांखाली येऊन उभा राहिला होता. त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा मोबाइलमधल्या घड्याळाकडे बघितलं. मी खिशातून फोन काढला आणि संगीताला व्हिडिओ कॉल लावला. आबा नको नको म्हणत होते. पलीकडे मावशी दिसल्या, सोफ्यावर, केस विंचरलेले, मांडीवर नातवंडाची चादर.

"मावशी, रेलिंगच्या उंचीचं अडलंय," मी म्हणालो आणि चौकटीचं, दोन डागांचं, साडेचार इंचांचं सगळं सांगून टाकलं. आबा मान खाली घालून पायरीवरची माती नखाने खरवडत होते.

मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ह्यांनला फोन द्या."

मी फोन आबांच्या तोंडासमोर धरला.

"आवं, दोन बसवा की," मावशी म्हणाल्या. "एक वर, एक खाली."

"दोन कशाला?" आबा पुटपुटले. "तुला एकच हात ठेवाया लागतोय."

"वरचा मला. खालचा तुमाला."

"मला?"

"मला नवा गुडगा बसवलाय. तुमचे जुनेच हायती न्हवं? का तुमी जलमभर ताट ऱ्हानार हाय? साऱ्या गावाची मापं घेत फिरताय, तुमचं कुनी घेतलं?" मग आवाज जरा खाली आला. "म्हशीला येळंवर पानी दावताय का?"

"व्हय," आबा म्हणाले. त्यांना आणखी काही बोलायचं असावं, पण त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि ते उठले. उठताना त्यांचा हात चौकटीवर गेला. किती खाली गेला ते मी बघितलं आणि लगेच पाइपांकडे बघायला लागलो.

"सुनील," आबा ओरडले, "दोन मार! वरचा छत्तीस, खालचा साडेएकतीस. नि वेल्डिंग घासून गुळगुळीत करायचं, बोटाला लागलं तर रिजेक्ट!"

अर्ध्या तासाचं काम अडीच तास चाललं, कारण आबांनी ते दोनदा रिजेक्ट केलं. पण झालं.

रविवारी अकरा वाजता गाडी आली. मावशी वॉकर घेऊन अंगणापर्यंत आल्या. संगीता मागे, जावई बाजूला, मी आणि स्वाती कंपाउंडच्या फाटकाशी. शेजारच्या दोघी-तिघी जमल्या होत्या. आबा वर दारात उभे. हात पाठीमागे बांधलेले, खिशात टेप नव्हती.

मावशींनी वरचा पाइप धरला. पहिली पायरी चढल्या. दुसरी चढल्या. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. तिसऱ्या पायरीवर त्या थांबल्या. चेहरा आवळला गेला. हात वरच्या पाइपवरून सुटून खालच्याकडे यायला लागला.

तेवढ्यात आबा जोरात ओरडले, "अरारारा! पाव्हणं, ती गांदीलमाशी बगा! शेवग्यावर, शेवग्यावर! केवडं पोळं केलंय!"

आम्ही सगळे झटकन मागे वळलो. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. जावई म्हणाला, "कुठाय?" शेवग्यावर काही नव्हतं. शेंगा होत्या. आम्ही अर्धं मिनिट तरी निरखून शोधलं.

वळून बघितलं तेव्हा मावशी सगळ्यात वरच्या पायरीवर पोचल्या होत्या. वरच्या पाइपवर हात ठेवून, ताठ, आमच्याकडे बघत. "काय बगताय रं सगळी? च्या घ्याया वर या."

"गांधीलमाशी कुठाय आबा?" जावयाने विचारलं.

"उडाली जनू," आबा म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला मागे निघून गेले. वाटेत कुठेही थांबले नाहीत.

संध्याकाळी मी घरी पुस्तिका उघडली, पान सात समोर घेतलं आणि उठलो. आमच्या दारापाशी गेलो. चौकट वरपासून खालपर्यंत बघितली. मग स्वयंपाकघराची बघितली. मग बेडरूमची. पांढरी स्वच्छ, कुठे काही नाही. मोबाइलचा टॉर्च लावूनही बघितलं.

स्वाती मागे येऊन उभी राहिली होती. "काय शोधताय?"

"तुझा हात कुठे टेकतो ते."

"सापडायचं नाही," ती म्हणाली. "दर रविवारी मीच पुसते."